‘अप्रिय’ : वचनापासून घटनेपर्यंत

‘अप्रिय’ हा शब्द दिसायला सरळ आहे. जे प्रिय नाही ते अप्रिय. तरी ‘कडू’ किंवा ‘घाण’ यांसारख्या शब्दांहून त्याची जात निराळी आहे. कारले कोणीही खाल्ले तरी कडूच. अप्रिय मात्र ते कोणाला तरी असते. त्यामुळे हा शब्द वाचला की ‘कोणाला?’ असे विचारणे ओघानेच येते.

जुन्या संस्कृत ग्रंथांतील प्रसिद्ध वचनांत हा शब्द बोलण्याशी जोडलेला दिसतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सत्य असले तरी अप्रिय बोलू नये असा उपदेश आहे आणि लगोलग, प्रिय असले तरी असत्य बोलू नये असेही म्हटले आहे. (पहिला भाग आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतो, दुसऱ्याची आठवण क्वचितच निघते.) रामायणातला मारीच याच्या पुढे जातो. गोड बोलणारे केव्हाही भेटतात, परंतु अप्रिय आणि तरीही हितकर असे सांगणारा दुर्मिळ, ऐकणाराही तितकाच दुर्मिळ, असे तो रावणाला सुनावतो. महाभारतात विदुराच्या तोंडीही हाच विचार आहे. येथे अप्रियतेला पथ्याची जोड आहे, बोलणाऱ्याला नाव आहे आणि ऐकणाऱ्यालाही.

आजच्या मराठीत, विशेषतः वृत्तपत्रे आणि बंदोबस्ताची पत्रके यांच्या भाषेत, हे विशेषण ‘घटने’ला चिकटले आहे. ‘अप्रिय घटना टाळण्यासाठी’ किंवा त्याचाच जुळा भाऊ, ‘अनुचित प्रकार घडू नये म्हणून’. या प्रयोगातले क्रियापद पाहावे. ‘दगड मारला’ म्हटले की कोणी मारला हे सांगावे लागते. ‘अप्रिय घटना घडली’ यात कर्त्याला जागाच नाही. पाऊस पडावा तशी ती घडते. ‘वितुष्ट’ म्हटले की दोन पक्ष डोळ्यांसमोर येतात, ‘बेबनाव’ म्हटले तरी येतात. अप्रिय घटनेत धमकी देणारा आणि जिला धमकी मिळाली ती व्यक्ती, दोघेही सारख्याच सहजतेने अदृश्य होतात.

यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये भरलेले ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याचे ठळक उदाहरण आहे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. त्या इंग्रजीत लिहितात, म्हणून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विरोध जाहीर केला. आपला आक्षेप नाही, असे राज ठाकरे यांनी नंतर सांगितले. दरम्यान संयोजकांनी निमंत्रण मागे घेतले होते. अप्रिय काही घडू नये, हाच त्यामागच्या स्पष्टीकरणाचा सूर होता. सहगल यांच्या लेखी भाषणात देशातील वाढत्या असहिष्णुतेबद्दल परखड विचार होते. म्हणजे प्रश्न अप्रिय वचनाचाही होता. टाळायची म्हणून सांगितली गेली ती घटना. एकाच विशेषणाने दोन्हींवर पांघरूण पडले.

योगायोग असा की सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित यांनी कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा इंग्रजी अनुवाद केला होता (१९३५), आणि राजांचे अवगुण न झाकणारा इतिहासकार म्हणून कल्हणाची ख्याती आहे.

पुढचे थोडक्यात. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला, अनेक लेखकांनी बहिष्कार टाकला, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच झाल्या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत अनुवादित होऊन सर्वत्र वाचले गेले.

उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. त्या याच जिल्ह्यातल्या. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. त्यांच्या हातून उद्घाटन करवणे हा संयोजकांनी शोधलेला सोयीचा मार्ग होता असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चुकीचे नसेल. परंतु ११ जानेवारीला त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मागे राहिलेल्या बाईचे जगणे काय असते ते त्यांनी सांगितले. मारीच ज्याला अप्रिय आणि पथ्यकर म्हणतो, तसलेच हे बोलणे होते. मांडवाने ते ऐकून घेतले.