कच्चे लायसन्स : माणिकगड पहाडावरून वाचलेला कायदा

माझी जन्मतारीख १ जून आहे. जिवतीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्या माणसांच्या कागदांवरही ही तारीख इतक्या वेळा दिसते की, परक्या माणसाला वाटावे, या पहाडावर मुले फक्त उन्हाळा संपतानाच जन्माला येतात. कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते, मूल दारात उभे असते, जन्माची नोंद नसते आणि गुरुजी मुलाचे वय पुरे बसेल अशी तारीख लिहून मोकळे होतात. बाहत्तरच्या दुष्काळात आई-वडील मराठवाड्यातून इथे आले तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. ‘तू झालास तेव्हा ज्वारी हुरड्यात होती,’ असे ती सांगायची. कागदावर मात्र मी मृगाच्या तोंडावर जन्मलो.

यंदा, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, शिकाऊ अनुज्ञप्तीच्या अर्जात ही तारीख मी पुन्हा एकदा भरली. ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ हा सरकारी शब्द. आमच्याकडे त्याला ‘लर्निंग’ म्हणतात, जुनी माणसे ‘कच्चं लायसन’ म्हणतात. कबूल करायला हवे की, त्याआधी बावीस वर्षे मी लायसन्सवाचून मोटारसायकल चालवली. जुनी कागदपत्रे शोधत राजुऱ्यापर्यंत गेलो, पावसात घाट उतरलो, आजारी माणसे दवाखान्यात पोचवली. ‘अख्ख्या तालुक्याचे कागद तुमच्या मशीनखालून जातात बाबा, तुमचाच एक कागद नाही,’ असे मुलगी म्हणाली, तेव्हा लाज वाटली. विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० झाला होता, हेही खरे. २०१९ च्या दुरुस्तीतला हा वाढीव दंड महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाला.

अर्ज भरताना कायदा वाचायला घेतला आणि सवयीप्रमाणे मागे मागे जात राहिलो. औपचारिक शिक्षण फारसे नसलेल्या माणसाला एक मोकळीक असते. कुठे थांबायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मोटार चालवण्यासाठी सरकारची परवानगी लागावी, ही कल्पना फार जुनी नाही. पॅरिसच्या पोलीस खात्याने १८९३ मध्ये तसा हुकूम काढला. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना आला, पण परीक्षा नव्हती. पाच शिलिंग भरले की कागद मिळे. गाडी खरोखर चालवता येते का, हे तिथे १९३५ पासून सक्तीने पाहू लागले आणि शिकणाऱ्याच्या गाडीवरची तांबडी ‘एल’ अक्षराची पाटीही त्याच सुमारास आली. आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९१४ चा मोटार कायदा झाला. परवाना हवा, अठराच्या आतल्याने गाडी चालवू नये, एवढे सांगून बाकीचा पुष्कळ तपशील त्याने प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोडला. पुढे १९३९ चा कायदा आला. परवान्याशिवाय कोणी वाहन चालवू नये, असे त्याचे कलम ३ म्हणते. त्याच कलमात लगेच एक फट आहे. वाहन चालवायला शिकत असलेल्या माणसाला हे बंधन कोणत्या अटींवर लागू नये, ते सरकारने ठरवावे.

या फटीतून ‘शिकाऊ’ जन्मला. ज्याला गाडी येत नाही त्याला रस्त्यावर येऊ द्यायचे नाही, पण रस्त्यावर आल्याशिवाय गाडी येणार नाही, या पेचावर काढलेला तो तोडगा होता. १९८८ च्या कायद्याने शिकाऊ अनुज्ञप्तीला स्वतःचे कलम दिले, कलम ८. तिची मुदत सहा महिने. अटी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तिसऱ्या नियमात आहेत. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा ‘एल’ हवा. त्याची मापेसुद्धा दिली आहेत : चौकोन १८ सेंटिमीटरचा, अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे शिकणाऱ्यासोबत पक्का परवाना असलेला माणूस हवा. तोही गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला.

मी या अटीपाशी बराच वेळ अडलो. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस गाडी कशी थांबवणार, हा प्रश्न सोडून देऊ. नियम करणाऱ्यांनी दुचाकीवर शिकवण्यापुरताच दुसरा माणूस बसू दिला आहे, त्याने ब्रेक कसा लावायचा हे त्याच्यावर सोपवले आहे. माझा प्रश्न वेगळा होता. शेजारी बसायला लायसन्सवाला माणूस असणारच, हे कायदा गृहीत धरतो. ज्या वस्तीत एकाकडेही लायसन्स नाही, तिथल्या पहिल्या शिकाऊच्या शेजारी कोण बसणार?

हा प्रश्न आमच्या पहाडाला लागू होतो. आज जिवती तालुका ज्या भागात आहे तो जुना राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९१४ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. त्याची हद्द आमच्या पायथ्याच्या पलीकडे, वर्धा नदीपाशी संपत होती. निजाम सरकारने १९३२ मध्ये आपल्या रेल्वेच्या जोडीला २७ बसगाड्या घेऊन रस्ते वाहतूक खाते काढले. परंतु मोटारीचा रस्ताच नसलेल्या पहाडाला त्याचा काय उपयोग? गोंड आणि कोलाम वस्त्यांची वाट बैलगाडीची आणि पायाची होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला, १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. पुढे राजुऱ्यातून जिवती तालुका वेगळा झाला. १९३० साली इथे जन्मलेला आणि पहाड न उतरलेला माणूस संस्थान, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा तीन सरकारांचा आणि तीन जिल्ह्यांचा रहिवासी होऊन गेला.

मग इथल्या माणसांनी गाडी शिकली कशी? मी विचारत गेलो तशी जवळजवळ एकच वाट सापडत गेली. बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाणारे बांबूचे ट्रक, नंतर गडचांदूर परिसरातल्या सिमेंटचे, खालच्या कोळसा खाणींचे. पोरगा आधी क्लीनर लागे. आमच्याकडे त्याला किन्नर म्हणतात. तो गाडी धुई, टायरला उटी लावी, रात्री गाडीखाली झोपे. दोन-तीन वर्षांनी उस्ताद कुठल्यातरी मोकळ्या रस्त्यावर म्हणे, ‘बस रे, धर जरा.’ शेजारी पक्का परवानाधारक बसलेलाच असे. नियम तीनमधली ही अट क्लीनरच्या आयुष्यात आपोआप पाळली जाई, फक्त ‘एल’ची पाटी आणि कच्चे लायसन्स नसे. गाडी पूर्ण हातात बसली, मालक गाडी द्यायला तयार झाला, की मग कच्चे लायसन्स काढायचे. कायद्यात आधी शिकाऊ अनुज्ञप्ती आणि मग शिकणे, पहाडावर आधी शिकणे आणि मग शिकाऊ अनुज्ञप्ती. मीही त्याच उलट्या क्रमातला. याचे समर्थन मी करत नाही. या क्रमात अपघात झाला की विमा कंपनीशी भांडायला पाय टेकायला जागा उरत नाही, आणि ज्याला धक्का लागला त्याचे हाल होतात ते वेगळेच.

पण कायद्यानेही या माणसांना नीट ओळखले नाही. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी पास असणे २००७ पासून सक्तीचे झाले. हेतू चांगला असेल. माझ्या काउंटरवर मात्र त्याचा अर्थ असा दिसला की, चौथीत शाळा सुटलेला आणि घाटात भरला ट्रक डुलू न देता उतरवणारा माणूस शाळा सोडल्याचा दाखला शोधत फिरतो आहे. काही जण खासगी गाडीच्या लायसन्सवर थांबले, काही जण पुन्हा किन्नर झाले. किन्नरला आठवी लागत नाही. हरियाणातल्या मेवात भागातूनही हीच तक्रार गेली होती : तिथे ड्रायव्हरकीवर घरे चालतात आणि शिक्षण नाही. २०१९ मध्ये केंद्राने ती अट काढली. बारा वर्षे. एवढ्या काळात एक पोरगा किन्नरचा उस्ताद होतो.

आता अर्जाकडे येतो. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, नमुना १-अ. नमुना १ मध्ये आपणच लिहून द्यायचे असते : लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून समोरच्या जीपची प्लेट वाचून पाहिली. चष्म्यासकट दिसली.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या साहाय्याने घरबसल्या लर्निंग काढता येते. त्याआधी जिवतीच्या माणसाला गडचांदूर, राजुरा, बल्लारपूर करत चंद्रपूर गाठावे लागे किंवा परिवहन खात्याच्या कॅम्पची वाट पाहावी लागे. त्या मानाने हे मोठे सुख आहे. माझी परीक्षा घराच्या स्लॅबवर झाली, कारण नेटवर्क तिथेच येते. रस्त्यावरची चिन्हे, अपघातानंतर चालकाने काय करायचे, जवळ कोणते कागद ठेवायचे असे प्रश्न असतात आणि ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. फाटक नसलेले रेल्वे क्रॉसिंग कसे ओलांडावे, हाही अभ्यासाचा भाग आहे. पहाडावर रेल्वे नाही. पण उत्तर मला आले.

छापून आलेल्या कागदावर माझा तालुका ‘राजुरा’ आहे. आधारवरचा जुना पत्ता तसाच उचलला गेला. हसू आले आणि हसू थांबलेही. आमच्यासारख्या बाहत्तरनंतर आलेल्यांच्या घरांत पत्ता ही चेष्टेची गोष्ट नाही. वनहक्क कायद्याखाली आदिवासी नसलेल्यांना २००५ च्या आधीची पंचाहत्तर वर्षांची वस्ती दाखवावी लागते. पन्नास वर्षे नांगरलेल्या जमिनीचा कागद नाही, अशी किती तरी घरे इथे आहेत. त्यांच्या पोरांच्या हातात फोटो, नाव आणि गाव एकत्र छापलेला पहिला टिकाऊ कागद म्हणून पुष्कळदा लायसन्सच आले. एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या लायसन्सची प्रत देवघरात ठेवायला घेऊन गेले होते.

सीमेवरच्या चौदा गावांत तर प्रश्न याहून चमत्कारिक आहे. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा ही त्यांतली काही नावे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद महाराष्ट्राच्या बाजूने सुटला, पण आंध्र आणि नंतर तेलंगण सरकारचा कारभार तिथे चालूच राहिला. दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे, एका गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. लायसन्स मात्र दोन चालत नाहीत. कलम ६ सांगते की, एक चालू परवाना असताना माणसाने दुसरा बाळगू नये. आणि २०१९ पूर्वी ज्या कार्यालयाच्या क्षेत्रात राहतो तिथे अर्ज करायचा होता, दुरुस्तीनंतर ज्या राज्यात राहतो त्या राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात. इतरांची सोय झाली. चौदा गावांतल्या पोराला मात्र अर्जाच्या पहिल्याच पानावर राज्य निवडावे लागते, जे त्याच्या आजोबांपासून कोणी त्याला निवडायला लावले नव्हते.

असा एक मुलगा श्रावणात दुकानात आला. दोन्हीकडचे कागद पिशवीत होते. ‘काका, कुठलं काढू?’ म्हणाला. मी त्याला कलम ६ समजावून सांगितले, ‘ऑर्डिनरिली’ राहण्याचा अर्थ सांगितला, न्यायालयाचा निकाल सांगितला. तो ऐकून घेऊन गेला. महिन्याभराने कच्चे लायसन्स लॅमिनेट करायला आला तेव्हा ते चंद्रपूरचे, एमएच ३४ चे होते. मला वाटले, माझे व्याख्यान उपयोगी पडले.

‘नाही काका,’ तो म्हणाला, ‘तेलुगू बोलता येतं मला, वाचता येत नाही. परीक्षेत वाचायचं असतं ना.’

माझी पक्क्या लायसन्सची चाचणी दिवाळीनंतर आहे. पुतण्याचे लायसन्स तीन वर्षांचे जुने, तेव्हा कायद्याने तो माझा शिक्षक. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर मोजून १८ सेंटिमीटरचा चौकोन कापून ‘एल’ रंगवला. बावीस वर्षे एकट्याने उतरलेल्या घाटात परवा पहिल्यांदा त्याला मागे बसवून उतरलो. तिसऱ्या वळणावर त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘मोठे बाबा, इंडिकेटर.’