वितळलेले प्लॅस्टिक ताणताना मिश्रणात काय घडते?

पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी तो दोन बोटांत धरून त्याची तार काढतात. तो किती सहज ओघळतो एवढ्यावर कुणी भागवत नाही. वितळलेल्या प्लॅस्टिकच्या बाबतीतही ओघळणे आणि ताणले जाणे हे दोन निराळे गुण आहेत. साध्या द्रवाचा ताणाला होणारा विरोध हा थरावर थर सरकताना होणाऱ्या विरोधाच्या तिप्पट असतो, असे फ्रेडरिक ट्राउटन यांनी १९०६ मध्ये दाखवून दिले. पॉलिमर मात्र हा नियम अगदी मंद ताणापुरताच पाळतात. त्यापुढचे वर्तन रेणूंच्या रचनेवर ठरते.

दुधाच्या पिशवीचेच उदाहरण घ्या. पॉलिथिनचे दाणे वितळवून गोल फटीतून नळीच्या रूपात वर ओढले जातात आणि आत हवा भरून तिचा फुगा केला जातो. थिजेपर्यंत हा फुगा उभा-आडवा ताणला जातो. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये गिब्सन आणि फॉसेट यांच्या हाती जवळजवळ अपघातानेच लागलेल्या कमी घनतेच्या पॉलिथिनच्या रेणूंना लांब फांद्या असतात. ताण वाढताच त्या एकमेकींत अडकतात आणि रस घट्ट होतो. त्यामुळे फुगा एखाद्या जागी पातळ झाला, तर तीच जागा अधिक ताठर होते आणि ताण शेजारी सरकतो. नंतर आलेल्या रेषीय पॉलिथिनला लांब फांद्या नाहीत. त्याची पिशवी चिवट असते, पण फुगा डुलतो. म्हणून त्यात पहिल्याचा थोडा अंश, बहुधा १० ते ३० टक्के, मिसळतात. प्रमाण फार वाढवले तर चिवटपणाच कमी होतो.

ही दोन्ही पॉलिथिने एकमेकांच्या नात्यातली. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन हे दिसायला सारखे असले तरी वितळूनही एकजीव होत नाहीत. एकात दुसऱ्याचे थेंब राहतात. थेंब कसे ताणले जातात, याचा पाया जी. आय. टेलर यांच्या १९३४ च्या प्रयोगांनी घातला. सभोवतालच्या द्रवापेक्षा बराच दाट थेंब नुसत्या सरकत्या प्रवाहात फुटत नाही, तो गरगरत राहतो. ताणणारा प्रवाह मात्र त्यालाही लांबवतो. थेंबाचा असा धागा झाल्यावर रस लगेच थिजला तर धागा टिकतो, उशीर झाला तर त्याची मण्यांची माळ होते. दोन पदार्थांच्या सीमेवर पकडही दुबळी असते, आणि फिल्म नेमकी तेथे सुटते. दोहोंशी जुळणारा सांधक पॉलिमर घालून ही पकड वाढवता येते, पण त्याने खर्चही वाढतो.

पुनर्वापराच्या धंद्यात नेमका येथे घोळ होतो. दाण्यांचा व्यवहार बहुधा प्रवाह निर्देशांकावर चालतो : पॉलिथिनसाठी १९० अंश सेल्सिअसला २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम रस बारीक छिद्रातून उतरतो, तो आकडा. चाचणी स्वस्त आणि सोयीची आहे, पण ती मुख्यतः ओघळणे मोजते. सारख्याच निर्देशांकाच्या दोन पोत्यांपैकी एकाचा फुगा स्थिर उभा राहतो, दुसऱ्याचा फाटतो. पुनःपुन्हा तापवल्याने पॉलिप्रॉपिलिनच्या साखळ्या तुटून रस पातळ होतो. पॉलिथिनमध्ये साखळ्या जुळून न वितळणाऱ्या गाठी होतात, आणि पातळ फिल्मला भोक पडते ते अशाच गाठीपाशी. धुऊन वेगळ्या ठेवलेल्या दुधाच्या पिशव्यांपासून पुन्हा फिल्म काढता येते. त्यांत बिस्किटांची वेष्टने मिसळली की त्या मालातून सहसा जाड, ओबडधोबड वस्तूच घडतात.