वगळलेली चाचणी आणि तिची नोंद

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक वितरित झाले. बोटांचे ठसे व बुबुळे यांवरून ओळख पटविणाऱ्या या योजनेपुढे एक प्रश्न होता: कष्टाने ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्याच्या ठशाची परीक्षा घ्यावयाची कशी? जी परीक्षा घेताच येत नाही तिचा निकाल कोणता लिहावा, हा प्रश्न संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांना त्यापूर्वीच पडला होता. त्यांनी काढलेल्या उत्तरांचा इतिहास उद्बोधक आहे.

आज्ञावलीच्या एकेका लहान घटकाची आपोआप तपासणी करणाऱ्या चाचणीस ‘युनिट टेस्ट’ म्हणतात. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी रचलेल्या ‘जेयुनिट’मध्ये आरंभी चाचणी वगळण्याची वेगळी खूण नव्हती. ज्याचे नाव ‘टेस्ट’ या अक्षरांनी सुरू होई, तेवढ्यालाच चाचणी मानले जाई. नावाचा आरंभ बदलला की ती निकालपत्रातूनच नाहीशी होई. हे वगळणे नव्हे, लपविणे होय.

२००६ च्या चौथ्या आवृत्तीत ‘इग्नोर’ ही खूण आली, आणि उत्तीर्ण व अनुत्तीर्ण यांच्या जोडीला ‘वगळलेली’ हा तिसरा निकाल मिळाला. २००७ मध्ये सशर्त वगळण्याची सोय झाली: आवश्यक परिस्थिती नसल्यास चाचणी तेथेच थांबावी. परंतु ४.४ या आवृत्तीत अशी थांबलेली चाचणी उत्तीर्ण म्हणूनच नोंदली जाई. चाचण्या चालविणारी अन्य साधने तिसरा निकाल स्वीकारीत नव्हती. हा दोष पुढे दूर झाला. पायथॉन भाषेच्या २००९ मधील ३.१ या आवृत्तीने तर सशर्त वगळताना अटीबरोबर कारण देणेही आवश्यक केले. २०१७ च्या पाचव्या जेयुनिटमध्ये ‘इग्नोर’च्या जागी ‘डिसेबल्ड’ हा शब्द आला. ‘दुर्लक्ष करा’ या आज्ञेची जागा ‘बंद ठेवलेली’ या वर्णनाने घेतली.

आधारच्या २०१६ मधील नोंदणी विनियमांनीही ठसे देऊ न शकणाऱ्यांसाठी अपवादाची तरतूद केली. दोन्ही क्षेत्रांतील तत्त्व एकच आहे. जिची परीक्षा झालीच नाही, त्या व्यक्तीस अनुत्तीर्ण ठरविले तर तिचा शिधा बुडतो. मुकाट्याने उत्तीर्ण ठरविले तर तपासणीस अर्थ उरत नाही. म्हणून तिसरा रकाना हवा, आणि त्यात कारणही हवे.