मुदतीचा कागद

गेल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. चेन्नईतील आमच्या मराठी मंडळींपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ (सारे त्यांना काकाच म्हणतात) काकूंसह पर्यटक-जहाजाने श्रीलंकेस जावयास निघाले. सहल पाच दिवसांची. ज्या बंदरात चढावयाचे त्याच बंदरात उतरावयाचे. सामानाची नोंद झाली, आणि मग खिडकीपलीकडील मुलीने काकांचे पारपत्र उघडून पाहिले व नम्रपणे मिटून परत दिले. त्याची मुदत संपावयास चार महिने उरले होते. सहा हवे होते. काकूंचे पारपत्र निर्दोष होते, परंतु त्या एकट्या थोड्याच जाणार! संध्याकाळी दोघेही टॅक्सीने घरी परतली.

केंद्रीय लेखापरीक्षणाच्या नोकरीत ज्यांची सारी हयात दुसऱ्यांच्या कागदांवरील तारखा तपासण्यात गेली, त्या काकांना ही गोष्ट फार लागली. मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी ती निळी पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "तू सरकारी कारकून आहेस, तर मला एवढेच सांग. डिसेंबरपर्यंत हा कागद खरा आहे, असे भारत सरकार याच्यावर लिहून देते. मग तो ऑगस्टमध्येच खोटा कसा ठरतो?"

मला उत्तर देता आले नाही. नियम माहीत होता, कारण माहीत नव्हते. आणि नियम माहीत असून कारण माहीत नसणे ही आपल्या नोकरीतील नित्याचीच स्थिती होय. पुढे काही महिने सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून या प्रश्नाचा माग काढला. त्याचा गोषवारा येथे देत आहे.

आरंभ आपल्या ओळखीच्या एका प्रवासापासून करू. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा वर्षांचे. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस, आणि बदली बंगालमधील श्रीरामपूर येथे. म्हणजे परमुलखात नेमणूक झालेल्या मराठी नोकरदाराचेच ते घर. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात लोकांसमोर उभे राहून त्यांना आपल्या जाण्याची कारणे सांगावी लागली. विरोध झाला तो धर्माच्या नावाने, समाजाच्या नावाने. अडचण होती ती पैशांची व सोबतीची. मात्र अमेरिकेच्या धक्क्यावर उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाजवळ पासपोर्ट मागण्याची रीत त्या काळी नव्हती. समुद्र ओलांडण्यास मनाची परवानगी मिळवणे कठीण होते, कागदाची नव्हे.

हे चित्र पालटू लागले ते जहाज कंपन्यांच्या हिशेबवहीतून. १८९१ साली अमेरिकेने कायदा करून असे ठरविले की, जो परदेशी मनुष्य उतरण्यास अपात्र ठरेल त्यास ज्या जहाजाने आणले त्यानेच स्वखर्चाने परत न्यावे. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर तपासणीचे ठाणे उघडले. याचा परिणाम असा झाला की, कंपन्यांनी आपापल्या बंदरांतच प्रवासी पारखून घेण्यास सुरुवात केली. देशाचे दार अशा रीतीने समुद्र ओलांडून परक्या धक्क्यावर येऊन उभे राहिले. आपल्याकडेही वाहतूकदारांवर अशीच जबाबदारी टाकणारा कायदा २००० साली झाला. काकांना अडविणारी ती मुलगी ना श्रीलंकेची अधिकारी होती, ना भारताची. ती कंपनीची नोकर होती. परंतु जो नियम ती पाळीत होती, त्याची वंशावळ १८९१ पर्यंत जाते.

मग पहिले महायुद्ध आले. त्याच्या उंबरठ्यावर 'कोमागाता मारू'चे प्रकरण घडले. कॅनडाने १९०८ मध्ये असा नियम केला होता की, स्वदेशाहून अखंड प्रवास करून येणाऱ्यासच उतरू द्यावे. हिंदुस्थानातून तसे थेट जहाजच नव्हते, हे नियम करणाऱ्यांस ठाऊक होते. ३७६ प्रवासी घेऊन हे जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला लागले आणि दोन महिने तेथे नुसते उभे राहून २३ जुलैला परतले. त्यातील बहुतेक पंजाबी शीख होते आणि सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. पण साम्राज्याच्या एका भागातील प्रजेस दुसऱ्या भागात पाय ठेवता आला नाही. सप्टेंबरअखेर जहाज हुगळीच्या मुखातून बजबज येथे आले, तेव्हा स्वदेशाच्या किनाऱ्यावरही त्यांचे स्वागत गोळीबाराने झाले व सुमारे वीस प्रवासी प्राणास मुकले. एकतीस वर्षांपूर्वी ज्या नदीतून एक अठरा वर्षांची मुलगी कोणताही कागद न दाखविता निघाली होती, तीच ही नदी.

युद्धाने पासपोर्ट सक्तीचा केला, आणि त्यावर तारीख घातली. ब्रिटनने १९१५ च्या सुमारास छायाचित्र व शरीरखुणा असलेला नवा पासपोर्ट काढला. तो आठ घड्यांचा एकच कागद असे आणि दोन वर्षे चाले. युद्ध संपले, परंतु ही तात्पुरती व्यवस्था गेली नाही. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसमध्ये परिषद भरली व तिने बत्तीस पानी पुस्तिकेचा नमुना ठरविला. १९२६ च्या जिनिव्हा परिषदेने मुदत दोन, शक्य तर पाच वर्षांची असावी, असे सुचविले. हिंदुस्थानात येणाऱ्यास पासपोर्ट बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही १९२० चाच. तो तब्बल १०५ वर्षे टिकला व २०२५ च्या नव्या कायद्याने रद्द झाला.

मुदत घालण्यामागे साधी कारणे होतीच. माणसाचा चेहरा बदलतो, नागरिकत्व बदलते, हरवलेले कागद भलत्याच्या हाती पडतात. पण याहून खोल असे एक कारण आहे, आणि ते ज्यांच्याजवळ देशच उरला नव्हता अशा लोकांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने देश सोडून गेलेल्या लक्षावधी रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांच्यासाठी फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या प्रयत्नांनी १९२२ साली एक ओळखपत्र सुरू झाले. संगीतकार स्ट्राविन्स्की व चित्रकार शागाल यांनी हेच 'नान्सेन पासपोर्ट' वापरले. त्याची मुदत एक वर्षाची असे. त्यातील खरी उणीव मात्र मुदतीची नव्हती. ज्या देशाने तो दिला त्या देशात परत येण्याचा हक्क त्याने मिळत नसे. त्यामुळे असा कागद पाहून दुसरा देश कचरत असे. कारण आत घेतलेला मनुष्य उद्या बाहेर कोठे पाठवावयाचा? ही उणीव जाणूनच १९२६ मध्ये परतीच्या परवान्याची शिफारस करण्यात आली.

येथे काकांच्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. पासपोर्ट म्हणजे बाहेर जाण्याचा परवाना, अशी आपली समजूत असते. परक्या देशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ उलटा आहे. 'या मनुष्यास आम्ही परत घेऊ,' असे त्याच्या सरकारने दिलेले ते वचन होय, आणि मुखपृष्ठाआतील तारीख ही त्या वचनाची मुदत. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात ही गोष्ट जवळजवळ याच शब्दांत आहे: तात्पुरत्या मुक्कामास येणाऱ्याचा पासपोर्ट, मुक्कामाची मुदत संपल्यानंतरही निदान सहा महिने, तो जेथून आला त्या देशात परतण्यासाठी चालला पाहिजे. ज्या देशांनी मुदत संपलेल्या पासपोर्टावरही सहा महिने आपला माणूस परत घेण्याचे मान्य केले, त्यांच्यापुरती अमेरिकेने पुढे ही अट सैल केली. म्हणजे प्रश्न कागदाचा नव्हता, वचनाचा होता. युरोपातील शेंगेन देश परतीच्या दिवसानंतर तीन महिने मागतात. श्रीलंकेसारखे अनेक देश सहा. खिडकीवरील माणूस आपल्या सहलीचे दिवस मोजीत नाही. सहल फसली तर आपल्यास परत पाठविण्यास किती दिवस हाताशी आहेत, ते तो मोजीत असतो. जहाजावर मनुष्य आजारी पडतो, यंत्र बिघडते, वादळामुळे भलत्याच बंदराचा आश्रय घ्यावा लागतो. अशा वेळी पाच दिवसांची सहल पाच महिन्यांची होऊ शकते.

आणि वचन मध्येच मोडले तर काय होते, याची साक्ष 'सेंट लुइस' या जहाजाने दिली आहे. १३ मे १९३९ रोजी हे जर्मन जहाज हँबुर्गहून क्यूबाकडे निघाले. प्रवासी ९३७, बहुतेक सारे नाझी राजवटीतून निसटू पाहणारे ज्यू. आदल्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, जर्मनीने ज्यूंचे सर्व पासपोर्ट एका फटक्यात निरर्थक केले होते, आणि लाल 'जे' अक्षर उमटविल्यावरच ते पुन्हा चालू लागले. प्रवाशांजवळ क्यूबात उतरण्याचे रीतसर विकत घेतलेले परवाने होते. परंतु जहाज निघण्यापूर्वी आठ दिवस, ५ मे रोजी, क्यूबाच्या अध्यक्षांनी हुकूम काढून तसले परवाने रद्द केले होते. प्रवाशांस याची कल्पना नव्हती. जिवंत समजून उराशी धरलेले ते कागद हँबुर्ग सोडण्यापूर्वीच मेले होते.

२७ मे रोजी जहाज हवानाला पोहोचले. २८ जणांस उतरू दिले; जीव देऊ पाहणाऱ्या एकास रुग्णालयात नेले; एकाचा प्रवासातच मृत्यू झाला होता. बाकीचे ९०७ जण धक्क्यावरील आप्तांना डेकवरून नुसते पाहात राहिले. २ जूनला जहाजास हवाना सोडावे लागले. फ्लॉरिडाचे दिवे दिसतील इतक्या जवळून ते गेले. अमेरिकेने दार उघडले नाही. कप्तान गुस्टाव श्र्योडर यांनी त्यांना जर्मनीत उतरविण्याचे टाळले, आणि अखेर ब्रिटनने २८८, फ्रान्सने २२४, बेल्जियमने २१४ व हॉलंडने १८१ जण घेतले. पुढल्याच वर्षी हिटलरच्या फौजा त्यांतील तीन देशांत शिरल्या. या प्रवाशांपैकी २५४ जण मारले गेले. ज्यांच्या मायदेशास त्यांना परत घ्यावयाचे होते ते मारण्यासाठी, त्यांच्या हातातील कागदावर कितीही वर्षे शिल्लक असून काय उपयोग?

आपल्या देशातही या वचनाचा वाद झाला आहे. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता, तो देणे वा न देणे सरकारची मर्जी, अशी भूमिका स्वातंत्र्यानंतरही दोन दशके चालू होती. सतवंतसिंग सहानी या व्यापाऱ्याकडे चालू पासपोर्ट असताना ते परत करण्यास त्यांना फर्माविण्यात आले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून कायद्याविना तो हिरावता येणार नाही. त्यामुळेच त्या वर्षी २४ जून रोजी पासपोर्टचा कायदा झाला. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितले की, नुसता कायदा असून भागत नाही. त्यातील कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे. मर्जीचा कागद हक्काचा झाला तो असा.

आपण सारे तारखांवर जगणारी माणसे. येणाऱ्या कागदावर तारीख, जाणाऱ्या कागदावर तारीख, आणि मुदतीनंतर आलेला अर्ज दप्तरी दाखल. त्या तारखेच्या पलीकडे कोणी बोचके घेऊन धक्क्यावर उभे असेल, हे आपल्यास दिसत नाही. 'सेंट लुइस'चे परवाने रद्द करणारा हुकूमही कोणा कारकुनानेच शुद्ध करून लिहिला असेल. हे वाचल्यापासून 'मुदतबाह्य' असा शेरा लिहिण्यापूर्वी मी एकवार आतील कागद वाचून पाहतो. याहून अधिक काही करण्याचा अधिकार मजकडे नाही.

काकांना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे आक्षेप नियमाला धरून होता," एवढेच ते लेखापरीक्षकाच्या स्वरात म्हणाले. आपल्याकडे पारपत्राची मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीच नवे मागता येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी अर्ज केला. नवे पारपत्र दहा वर्षांचे आले. शहात्तराव्या वर्षी ती तारीख पाहून ते मोठ्याने हसले व काकूंना म्हणाले, "घ्या! आता आधी याची संपते की माझी, तेवढेच पाहावयाचे."