मध्यमवयीन पुरुषांतील संप्रेरक-बदल
चाळिशीनंतर पुरुषाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटते. रजोनिवृत्तीसारखा ठळक टप्पा मात्र येत नाही. म्हणून प्रत्येक थकवा वयाच्या माथी मारणे चूक आहे; अपुरी झोपही त्यामागे असू शकते. जुन्नर-आंबेगावात शेतीपंपांची वीज रात्रपाळीत आली की शेतकरी बिबट्याच्या धास्तीत, बॅटरी घेऊन उसाला पाणी देतो, झोप मोडतेच. २०११ च्या एका प्रयोगात आठवडाभर पाचच तास झोपलेल्या तरुणांचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरले. प्रयोग छोटा, तोही तरुणांवरचा, हा आक्षेप रास्त. पण २०१० च्या युरोपीय पाहणीतही ४० ते ७९ वयोगटात लक्षणांसह या संप्रेरकाची कमतरता जेमतेम २ टक्के पुरुषांत आढळली. तेव्हा टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाआधी झोप, वजन, मधुमेह पाहावा आणि रक्ताची तपासणी सकाळच्या वेळी दोनदा करावी.