पाऊण जीबी गेला कुठे?

सव्वातीन. साधारण २००६ ते २०१० या काळात ज्यांनी हौसेने कॉम्प्युटरमध्ये चार जीबी रॅम बसवून घेतली, त्यांना हा आकडा नक्की आठवत असेल. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, आणि तिथे ४ च्या जागी ३.२५. कुणाकडे ३.५, कुणाकडे ३, आणि ज्याने दांडगं ग्राफिक्स कार्ड घेतलंय त्याच्याकडे त्याहूनही कमी. पहिला संशय अर्थातच दुकानदारावर. आमच्या नात्यातल्या एकांनी तर दुकानात जाऊन पाऊण जीबीचे पैसे परत मागितले होते. गंमत म्हणजे दुकानदारालाही उत्तर देता आलं नाही.

मग घरगुती उपाय. केस उघडायची, पट्टी काढायची, सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवायचा, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. हा उपाय अगदीच अडाणी नाही बरं का. दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या असताना मशीन दोनच जीबी दाखवत असेल, म्हणजे हरवलेला आकडा बरोबर एका पट्टीच्या मापाचा असेल, तर दोष बहुधा पट्टीचा किंवा खाचेचा. पण सव्वातीनसारखा तिरपागडा आकडा आला, तर खोडरबर झिजवून काही होत नाही. त्या पाऊण जीबीचा माग काढायला १९८१ सालात जावं लागतं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यातल्या इंटेल ८०८८ प्रोसेसरला पत्ते लिहायला वीस तारा होत्या. वीस तारा म्हणजे दोनाचा विसावा घात, १०,४८,५७६ पत्ते. एक एमबी. आता प्रोसेसरच्या दृष्टीने पत्ता म्हणजे फक्त घर क्रमांक. त्या क्रमांकावर रॅम राहते, स्क्रीनची मेमरी राहते, की बायोसची चिप, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. क्रमांक वाटायचे ते मशीन रचणाऱ्याने.

आणि इथे एक बारीकशी गोष्ट आहे, जी मला सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली वाटते. वीज सुरू झाल्यावर ८०८८ आपली पहिली आज्ञा शोधायला जातो तो पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाशी, शेवटून १६ बाइट अलीकडे. तिथे रॅम असून उपयोग नाही, कारण वीज गेली की रॅम कोरी. तिथे कायमची लिहिलेली चिपच हवी. म्हणून वरचं टोक बायोसला गेलं, त्याच्या खालचा भाग जोडकार्डांना, त्याच्या खालचा स्क्रीनला. शहराच्या विकास आराखड्यात वरच्या आळीवर आरक्षण पडावं तसं ३८४ केबीवर आरक्षण पडलं, आणि रॅमला उरले ६४० केबी.

"६४० केबी कुणालाही पुरेत" असं बिल गेट्स म्हणाल्याची दंतकथा आहे. त्याचा पुरावा कधी मिळालेला नाही आणि गेट्सनी ती स्वतः नाकारली आहे. पण आकडा तेव्हा कंजूष नव्हताच. आधीच्या आठ-बिटी यंत्रांची सगळी मिळून झेप ६४ केबी. हे त्याच्या दसपट.

पुढे दहा वर्षांत ती दसपट संपली. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आरक्षित भागात ६४ केबीची एक खिडकी काढली. बाहेरची मेमरी त्या खिडकीतून तुकड्यातुकड्याने पाहायची. मग एचआयमेम, ईएमएम३८६. आणि १९९३ साली डॉस ६ बरोबर आलेला मेममेकर, जो मशीन पुन्हा पुन्हा चालू करून चार-सहा केबी वाचवून द्यायचा. कॉन्फिग डॉट सिस फायलीतल्या ओळींचा क्रम बदलून एखादा गेम चालवून दाखवणाऱ्याला तेव्हा गल्लीत मान होता. असो.

१९८५ सालीच इंटेलचा ३८६ आला होता. पत्त्यांचे आकडे ३२ बिटांचे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. चार जीबी! तेव्हा चांगल्या पीसीत एक-दोन एमबी रॅम असायची, त्यामुळे ही शीव क्षितिजापलीकडे होती. पण ३८६ सुद्धा पहिली आज्ञा शोधायला जातो कुठे? पत्त्यांच्या वरच्या टोकाशी, शेवटून १६ बाइट अलीकडे. म्हणजे बायोस पुन्हा वरच, आणि त्याच्याखाली ग्राफिक्स कार्ड आणि बाकीची उपकरणं. जुनाच आराखडा मोठ्या कागदावर. वीस वर्षं कुणाला टोचलं नाही, कारण वरच्या आळीपर्यंत रॅमची वस्तीच पोचली नव्हती. चार जीबी स्वस्त झाली तेव्हा पोचली, आणि पाऊण जीबी आरक्षणाखाली गेला. रॅम जागेवरच होती, चांगली होती. तिला घर क्रमांक उरला नव्हता.

इथपर्यंत दोष कुणाचाच नाही. पुढचा भाग मात्र निर्णयाचा आहे.

इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो मध्ये ३६ बिटांचे पत्ते दिले होते, म्हणजे ६४ जीबीपर्यंत. या सोयीचं नाव पीएई. नंतरच्या बऱ्याच चिपसेटमध्ये आरक्षणाखाली गेलेली रॅम चार जीबीच्या वर नेऊन वसवायची सोयही आली. बायोसमध्ये ती 'मेमरी रीमॅप' नावाने असे. अशा मशीनवर पीएईवालं लिनक्स टाकलं की ३२ बिटांतही पूर्ण चार जीबी दिसत. विंडोजच्या ३२-बिटी सर्व्हर आवृत्त्यांपैकी महागड्या आवृत्त्या त्याहून कितीतरी जास्त रॅम वापरत. एक्सपीमध्ये तर २००४ च्या सर्व्हिस पॅक २ नंतर बऱ्याच नव्या प्रोसेसरांवर पीएई चालूही होत असे, पण चार जीबीपलीकडचे पत्ते वापरायचे नाहीत ही अट सॉफ्टवेअरने स्वतःला घालून घेतलेली.

कारण काय? मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये ते लिहून ठेवलं आहे. घरगुती मशीनवरचे साउंड नि ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर चार जीबीपलीकडचा पत्ता पाहिला की कोलमडत. चाचण्यांत मशीनं बंद पडत होती. मला हे कारण खरं वाटतं. पण खरं असलं तरी ग्राहकाला डब्यावर छापून सांगायला काय हरकत होती? सर्व्हरवाल्याला जास्त पैसे देऊन जी सोय मिळत होती, तिच्याबद्दल घरच्या ग्राहकाला कुणी अवाक्षर सांगितलं नाही. दुकानातली भांडणं त्या न बोलण्यामुळे झाली.

उपाय एकच होता, ६४-बिटी विंडोज. तसे प्रोसेसर एएमडीने २००३ मध्येच आणले होते, एक्सपीची ६४-बिटी आवृत्ती २००५ मध्ये आली, पण ड्रायव्हरांच्या दुष्काळामुळे घरोघरी पोचायला विंडोज ७ उजाडावं लागलं. तिथेही रीमॅप बंद असेल, किंवा चिपसेटला मुळात जमत नसेल, तर आकडा हलत नाही.

मधल्या काळात, २००८ मध्ये व्हिस्टाचा सर्व्हिस पॅक १ आला आणि त्या प्रॉपर्टीजच्या खिडकीत अचानक पूर्ण ४ जीबी दिसू लागली. बऱ्याच जणांना आनंद झाला. प्रत्यक्षात बदललं होतं ते एवढंच, की आता ती खिडकी वापरता येणारी रॅम न दाखवता बसवलेली रॅम दाखवत होती. पुढच्याच वर्षी विंडोज ७ ने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले, दुसरा कंसात. आजच्या विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर टिचकी मारा. खाली 'हार्डवेअर रिझर्व्ड' अशी एक ओळ आहे, समोर काहीशे एमबीच्या आसपासचा आकडा. ते आरक्षण अजून उठलेलं नाही.