मोठेपणी ज्युदो शिकता येतो का? सुरुवात करण्यापूर्वी हे जाणून घ्या

मुलांना ज्युदोच्या वर्गाला सोडायला गेलेले पालक मॅटच्या कडेला बसून सराव पाहतात, तेव्हा अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो : आता या वयात आपल्याला हे जमेल का? पस्तिशीत, चाळिशीत, अगदी पन्नाशीतही ज्युदो शिकायला सुरुवात करता येते. मात्र मुलांना ज्या वेगाने शिकवतात, तो वेग मोठ्यांना झेपत नाही. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला गुडघ्याची एक दुखापत सहा महिने मागे टाकू शकते. म्हणून मोठ्या माणसाने पहिल्या वर्षात दोन गोष्टी शिकायच्या असतात : नीट पडणे आणि वेळेवर थांबणे. या दोन गोष्टी अंगवळणी पडल्या, की बाकीचे डावपेच शिकायला पुढे भरपूर वेळ असतो.

ज्युदो म्हणजे काय?

ज्युदो ही जपानी कुस्तीकला आहे. जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या मंदिरात ‘कोदोकान’ ही संस्था सुरू केली. त्यावेळी ते अवघे २१ वर्षांचे होते. लहान चणीचे असल्याने शाळेत त्यांना दांडगट मुलांचा त्रास होई, म्हणून ते जुजुत्सु शिकू लागले होते. जुन्या जुजुत्सुमधील धोकादायक प्रकार सरावातून बाजूला ठेवून, जोडीदाराला इजा न करता पूर्ण ताकदीने सराव करता येईल अशी पद्धत त्यांनी घडवली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ज्युदोचा समावेश झाला आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून महिलांनाही पदकांसाठी खेळता येऊ लागले.

भारताशीही ज्युदोचे नाते जुने आहे. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून शिन्झो ताकागाकी हे जपानी शिक्षक १९२९ मध्ये शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले होते.

तालमीत घाम गाळलेल्या माणसाला ज्युदो फार परका वाटत नाही. कुस्तीतील धोबीपछाड आणि ज्युदोतील ‘सेओइ-नागे’ यांत प्रतिस्पर्ध्याला पाठीवरून पुढे फेकण्याचे तत्त्व सारखेच आहे. दोन फरक मात्र लक्षात ठेवावे लागतात. ज्युदोत ‘गी’ नावाचा जाड सुती पोशाख घालतात आणि त्याची कॉलर व बाही धरूनच डाव टाकतात. शिवाय उभ्याने पट काढण्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत २०१३ मध्ये पूर्ण बंदी आली. त्यामुळे जुन्या पैलवानाला हाताची एक सवय मोडावी लागते.

प्रौढ शरीरात काय वेगळे असते?

व्यायाम सुरू केला की स्नायू काही आठवड्यांतच बळकट होऊ लागतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आणि सांध्यांचे अस्थिबंध यांना मात्र जुळवून घ्यायला बराच जास्त वेळ लागतो. यामुळे दोन महिन्यांनी ‘आता अंगात ताकद आली’ असे वाटते, पण गुडघा, खांदा आणि कोपर अजून तयार झालेले नसतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत हा काळ सर्वांत फसवा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विश्रांती. नव्या व्यायामानंतरची अंगदुखी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. सुरुवातीला आठवड्यातून दोन वर्ग आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा, हे प्रमाण बहुतेकांना मानवते. वर्ग नसलेल्या दिवशी चालणे, बैठका आणि खांद्यांचे हलके व्यायाम पुरेसे आहेत.

आधी पडायला शिका : उकेमी

पाय घसरला की माणूस आपोआप हात मागे टेकतो. सारे वजन मनगटावर येते आणि हाड मोडते. ज्युदोत ही सवय घालवण्यासाठी ‘उकेमी’ म्हणजे पडण्याचे तंत्र शिकवतात. त्याचे चार मुख्य प्रकार आहेत : मागे पडणे, बाजूला पडणे, पुढे पडणे आणि खांद्यावरून कोलांटी घेत पडणे.

मागे पडताना तीन गोष्टी सांभाळायच्या असतात.

• हनुवटी छातीकडे ओढून नजर स्वतःच्या पट्ट्यावर ठेवायची, म्हणजे डोके जमिनीवर आदळत नाही.
• पाठ गोल ठेवायची, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो.
• हात शरीरापासून थोडे दूर ठेवून संपूर्ण हाताने मॅटवर थाप मारायची आणि श्वास सोडायचा. कोपर किंवा मनगट टेकवायचे नाही.

हे आधी झोपून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभे राहून करतात. मोठ्यांना उंचीची भीती वाटते आणि त्या भीतीने अंग ताठ होते, म्हणून उकिडव्या स्थितीत अधिक दिवस काढण्यात कमीपणा नाही.

उकेमी कच्ची असताना दुसऱ्याने जोरात फेकले तर धोका मोठा असतो. जपानमधील शाळांत ज्युदोच्या सरावात डोक्याला गंभीर इजा होऊन मुले दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यांत नवशिक्यांचे प्रमाण लक्षणीय होते आणि प्रतिस्पर्ध्याला मागे पाडणारा ‘ओसोतो-गारी’ हा डाव अनेकदा कारणीभूत ठरला. मॅटवर नवखा असलेल्या मोठ्या माणसालाही यातून धडा घेता येतो. मागे पडणे पक्के होईपर्यंत या डावासाठी जोडीदार म्हणून उभे राहायला नकार द्यावा. चांगला शिक्षक तुम्ही सांगण्याआधीच तशी काळजी घेतो.

उकेमी मॅटच्या बाहेरही उपयोगी पडते. उतारवयातील अनेक फ्रॅक्चर साध्या घसरून पडण्याने होतात. म्हणूनच नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये ज्येष्ठांच्या पडझडीसाठी आखलेल्या काही प्रशिक्षणांत ज्युदोसारख्या कलांमधील पडण्याची तंत्रे घेतली आहेत.

रांदोरी आणि थाप

ज्युदोचा सराव तीन प्रकारांनी होतो. ‘उचिकोमी’मध्ये जोडीदाराला न फेकता डावाची फक्त सुरुवात पुन्हा पुन्हा करतात. ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. ‘रांदोरी’ ही खुली लढत असते.

बहुतेकांना रांदोरीची घाई असते आणि बऱ्याच दुखापतीही तिथेच होतात. कॉलेजातला पोरगा आपल्याला पाडणार हे दिसत असताना काहीजण अंग ताठ करून, हात टेकून पडणे टाळू पाहतात. असे करताना गुडघा किंवा खांदा पिरगळतो. डाव लागला असे जाणवले की सरळ पडावे आणि उठून पुन्हा पकड घ्यावी. कोपराचा सांधा अडकला किंवा गळा आवळला गेला, तर दुखण्याची वाट न पाहता जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप द्यावी. थाप पडताच जोडीदाराने सोडायचे, हा नियम आहे. थाप देणे म्हणजे हार नव्हे. उद्या पुन्हा सरावाला येता यावे म्हणून केलेली ती व्यवस्था आहे.

सुरुवातीचे काही महिने रांदोरी अनुभवी आणि साधारण आपल्याच वजनाच्या जोडीदाराबरोबर करावी. दुसरा नवशिका हा सर्वांत धोकादायक जोडीदार असतो, कारण त्याला स्वतःचा तोल सावरता येत नाही आणि तो तुमच्या अंगावर कोसळतो.

वर्ग कसा निवडाल?

नाव नोंदवण्यापूर्वी एक पूर्ण वर्ग कडेला बसून पाहा. पुढील गोष्टी तपासा.

• मॅट दाट आहेत का, त्यांत फटी पडल्या आहेत का? फटीत पायाचे बोट अडकून मोडते.
• प्रत्येक वर्गात उकेमी घेतात का?
• शिक्षक रांदोरी चालू असताना लक्ष ठेवतात, की फोनवर असतात?
• तिशीपुढचे विद्यार्थी वर्षानुवर्षे टिकलेले दिसतात का? वर्ग कसा चालतो ते यावरून लगेच कळते.
• डोक्याला मार बसल्यावर काय करता, असे विचारा. ‘त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, आधी डॉक्टर’ हेच योग्य उत्तर आहे.

महिलांनी आणखी एक गोष्ट पाहावी : वर्गात इतर महिला आहेत का आणि जोडीदार निवडायला किंवा नाकारायला मोकळीक आहे का. जमिनीवरच्या सरावात शरीराचा निकट संपर्क येतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलेले बरे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हाडांची ठिसूळता, मणक्याचा आजार, जुनी गुडघे-खांद्याची शस्त्रक्रिया किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरुवात करू नये. विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला बसलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. गरोदरपणात फेकाफेकीचा सराव थांबवावा लागतो.

केइको फुकुदा यांचे उदाहरण

कानो यांच्या सुरुवातीच्या गुरूंपैकी एक हाचिनोसुके फुकुदा. त्यांची नात केइको फुकुदा (१९१३–२०१३) १९३५ मध्ये, म्हणजे विशी ओलांडल्यावर कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाल्या. त्यांची उंची पाच फुटांपेक्षा कमी होती. महिलांना पाचव्या दानच्या पुढे न नेण्याच्या प्रथेमुळे त्या दीर्घकाळ तिथेच अडकल्या. सहावा दान त्यांना १९७२ मध्ये मिळाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे त्या अगदी वृद्धापकाळापर्यंत शिकवत राहिल्या. वयाच्या ९८ व्या वर्षी, २०११ मध्ये, त्यांना अमेरिकेतील ज्युदो संघटनांनी दहावा दान दिला. त्यांचा हातखंडा ‘जु-नो-काता’वर होता. या कातात कोणी कोणाला फेकत नाही. गुडघे किंवा पाठ साथ देत नसेल, त्याला ज्युदोत राहण्याची ही एक खरी वाट आहे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅक बेल्ट मिळायला किती काळ लागतो?
नियमित सराव केल्यास साधारणपणे काही वर्षे. पहिल्या ब्लॅक बेल्टला जपानीत ‘शोदान’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘सुरुवातीची पायरी’ असा होतो. काही महिन्यांत पट्टा देण्याचे आश्वासन मिळाले, तर तिथून परत फिरा.

मोठ्या वयात स्पर्धा खेळता येतात का?
हो. आंतरराष्ट्रीय स्तरावर तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट करून ‘व्हेटरन्स’ स्पर्धा होतात. सराव टिकवण्यासाठी स्पर्धा खेळलीच पाहिजे असे मात्र नाही.

स्वसंरक्षणासाठी ज्युदो पुरेसा आहे का?
कोणी पकडले किंवा ढकलले, तर तोल सांभाळणे, पकड सोडवणे आणि न घाबरता हालचाल करणे यातून जमते. चाकू किंवा जमाव समोर असेल, तर तिथून पळून जाणे हाच योग्य मार्ग.

आधी वजन कमी करून मग वर्गाला जावे का?
त्याची गरज नाही. ‘आधी फिट होतो, मग जातो’ म्हणताना वर्षे निघून जातात. शिक्षकांना आपले वय, वजन आणि जुनी दुखणी स्पष्ट सांगावीत आणि पहिल्या दिवशी फक्त उकिडवे बसून मागे पडायला शिकावे. पहिल्या दिवसाला तेवढे पुरते.